बंदूक नाही, पण बंदुकीचा कुत्रा आहे

लडलोजवळ, श्रॉपशर
26 जानेवारी

ती. अण्णा आणि सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घरात बंदूक नाही, तर बंदुकीचा कुत्रा कशाला?" मी सांगणार तेवढ्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन ठेवावा लागला. पडली ती कणकेची परात. ती कोणी पाडली हे पत्र वाचून कळेलच.

सुरुवात तुमच्या जावईबापूंपासून झाली, म्हणजे नेहमीसारखीच. या खेड्यात येऊन दोन वर्षं झाली तरी लोक आमच्याशी हवेपाण्यापलीकडे बोलत नव्हते. मग कोणीतरी ह्यांना म्हणालं, शनिवारी हाक्याला या. इथे 1 ऑक्टोबरपासून 1 फेब्रुवारीपर्यंत फेझंटची शिकार चालते. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा शेपटाळ चुलतभाऊ. बंदूकवाले पैसे मोजून ओळीने उभे राहतात आणि गावातले पंधरा-वीस जण रान झोडपत पक्षी त्यांच्या दिशेने उठवतात. डुकरासाठी आपल्याकडे पूर्वी घालायचे तोच हाका, फक्त मधल्या सुट्टीत सूप मिळतं. काठीला बांधलेलं निशाणसुद्धा खताच्या गोणीचं! ते पाहून हे मला म्हणाले, "अगं, आपल्या बांधावरचंच बुजगावणं आहे." संध्याकाळी हाकेवाल्यांना थोडे पैसे आणि पक्ष्यांची एक जोडी मिळते. परवाना पोलीस देतात, पण तो बंदूकवाल्याला. हाकेवाल्याला नुसती काठी पुरते. हे बरंच आहे, कारण बार उडाला की ह्यांचे डोळे अजून आपोआप मिटतात.

दुसऱ्या शनिवारी मात्र ह्यांच्या लक्षात आलं की हाक्यात मान काठीला नसतो, कुत्र्याला असतो. कुत्रा असलेल्या माणसाला सगळे नावाने हाक मारतात. ह्यांना अजून "एक्सक्यूज मी" म्हणत होते. झालं, घरात कुत्रा येणार हे ठरलं.

आता अण्णा, शिकारी कुत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मुधोळचा येतो, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं होतं. पण तो डोळ्यांनी शिकार हेरतो, वाऱ्यासारखा सुटतो आणि स्वतःच धरतो. स्पॅनियलची नोकरी निराळी. त्याने नाकाने हुंगत, नागमोडी वळणं घेत झुडपं धुंडाळायची. पक्षी उठला की तिथेच खाली बसायचं. पाठलाग नाही, भुंकणं नाही. बार झाला, पक्षी पडला आणि मालकाने सांगितलं तरच जाऊन आणायचा, तोही दात न लावता. आणि हे सगळं मालकापासून वीस-पंचवीस पावलांच्या आत, कारण छऱ्याच्या टप्प्याबाहेर उठवलेला पक्षी कोणाच्याच कामाचा नसतो. एवढा संयम आपल्या घराण्यात कोणी दाखवल्याचं मला आठवत नाही. आपला मोती करवंदीच्या जाळीत शिरायचा तो थेट दुसऱ्या गावात निघायचा.

मग जात कोणती, यावर महिनाभर भांडणं. ह्यांना क्लंबर हवा होता. नॉटिंगहॅमशरच्या क्लंबर पार्कवरून त्याचं नाव पडलं आणि पंचम जॉर्ज बादशहा सँड्रिंगहॅमला हेच कुत्रे बाळगायचा. पांढराशुभ्र, भारदस्त, वजन तीस किलोच्या आसपास, चाल जेवणानंतरच्या शतपावलीची. ह्यांना तो का आवडला हे मी बोलून दाखवलं नाही, पोटाकडे नुसतं पाहिलं. मग ससेक्स स्पॅनियल निघाला. सोनेरी-तपकिरी, देखणा, पण वास लागला की तोंड सोडतो, गप्प राहत नाही. म्हटलं, घरात बोलकं माणूस एक आहे तेवढं पुरे. आमच्या चिमीला कॅव्हेलियर हवा होता. नावात स्पॅनियल असलं तरी तो मांडीवरचा कुत्रा. रानाचा राखणदार, म्हणजे इथला कीपर, तो म्हणाला, "घ्या खुशाल, फेझंट त्याला सांभाळून घेतील."

उरले दोघे, स्प्रिंगर आणि कॉकर. गंमत अशी की पूर्वी हे दोघं एकाच वेतात जन्मायचे. पंचवीस पौंडांच्या आत राहिला तो कॉकर, वर गेला तो थोरल्यांत. म्हणजे गणपतीत कॉकर असलेलं पिल्लू दिवाळीच्या फराळानंतर स्प्रिंगर व्हायला हरकत नव्हती! इथल्या केनेल क्लबने 1902 साली स्प्रिंगरला स्वतंत्र जात मानलं तेव्हा हा घोळ मिटला. स्प्रिंगर म्हणजे दडलेला पक्षी उसळवून उठवणारा. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून, कारण त्याला उठवायला दाट झुडपात शिरेल असा लहान कुत्रा लागायचा.

कीपरने आम्हाला कुत्र्याबद्दल काही विचारलंच नाही. त्याने विचारलं, रान कसलं आहे, गाडी केवढी आहे आणि तुमच्यापैकी जास्त हट्टी कोण? तिसऱ्या प्रश्नावर चिमीने माझ्याकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, मोकळं, लांबलचक रान असेल तर स्प्रिंगर घ्या. त्याचे पाय लांब, दम मोठा, आणि तो सारखा मागे वळून "आता काय करू?" असं विचारतो. तुमचा उतार म्हणजे नुसत्या ब्रॅम्बलच्या जाळ्या. तिथे कॉकर. पण कॉकर विचारत नाही, करून मोकळा होतो. ब्रॅम्बल म्हणजे आपली करवंदच समजा. काटे तेच, ओरखडे तेच, फळ मात्र बेचव. आम्ही कॉकर घ्यायचं ठरवलं. अण्णा, तुम्ही बैल घेताना आधी रान आणि मग शिंगं बघायचात, ते मला त्या दिवशी आठवलं.

पण कॉकरमध्येही दोन घराणी आहेत. प्रदर्शनातल्याचे कान वरणात बुडतील एवढे लांब आणि अंगावर केसांची झालर. कामाच्याचे कान आखूड, अंग सडसडीत, नजर चोराची. शेजारी उभे केले तर एका जातीचे वाटत नाहीत. आम्ही कामाची बघायला गेलो, तर आई, तो कार्यक्रम म्हणजे डिट्टो स्थळ बघणं! मुलीची आई हजर, वडील बाहेरगावी पण फोटोत. पाच पिढ्यांची पत्रिका पुढे आली. पत्रिकेत ज्या पूर्वजांनी रानातल्या परीक्षांत अजिंक्यपद मिळवलं त्यांची नावं लाल शाईने लिहायची रीत आहे. आमच्या पत्रिकेत लाल नावं नऊ. आमच्या अख्ख्या खानदानात लाल शाईने नाव आलेला एकच, बाळूकाका, आणि तेही दहावीच्या गुणपत्रिकेत. मग डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजारांचे आईबापांचे दाखले तपासले. ह्यांनी सवयीने "मुलीला स्वयंपाक येतो का?" असं मराठीत विचारलं. शेपूट आखूड होतं, ते बघून मला कसंसंच झालं. इथे 2006 च्या कायद्याने शेपूट कापायला बंदी आहे, पण कामाच्या स्पॅनियलला सूट. तीही पाच दिवसांच्या आत, डॉक्टरांच्याच हातून, दाखल्यासकट. काट्यांत शेपूट हलवून हलवून रक्तबंबाळ होतं म्हणतात. पटलं, पण आवडलं नाही.

रंग कडव्या वालासारखा तपकिरी, म्हणून नाव वाल. ह्यांना "अंबा" ठेवायचं होतं, आपल्या नागोठण्याच्या नदीच्या आठवणीने. पण मी म्हटलं, देवीचं नाव मोठ्याने ओरडून वर "खाली बस" म्हणायचं, आणि ते जोगेश्वरीच्या गावाने ऐकायचं? शिवाय रानात आखूड नावच बरं. फक्त गोरे "वॉल" म्हणतात आणि आम्ही कुत्रीला भिंत का म्हणतो हे त्यांना कळत नाही.

शिकवणीचे दिवस मात्र अवघड गेले. स्पॅनियलला बसवायचा जुना शब्द "हप". आपण लेकराला घास भरवताना म्हणतो तसाच. परिणाम असा की माझ्या भाचीला व्हिडिओवर भरवणं चाललं की इकडे वाल ताडकन बसते आणि घासाची वाट बघते. शिट्टीचं त्याहून वाईट. स्पॅनियलची शिट्टी ठरलेली, तिचा नंबर 210.5, बर्मिंगहॅमची. तिची एक लांब फुंकर म्हणजे जागच्या जागी बस. आमच्या घरात कुकर आहे हे शिकवणाऱ्याला कोण सांगणार? तुरीची डाळ शिजेपर्यंत वाल स्वयंपाकघराच्या मधोमध चार वेळा खिळते, आणि दर वेळी कोणीतरी तिच्यावर अडखळतं. परवा मी अडखळले, हातात परात होती.

नोव्हेंबरात, वाल वर्षाची झाली तेव्हा, ह्यांनी तिला हाक्याला नेलं. कीपरने बजावलं होतं, दोरी सोडू नका. ह्यांनी फक्त हातमोजा काढायला सोडली. बंदूकवाले अजून सूप पीत होते. वाल जाळीत शिरली आणि एकामागून एक शंभरेक फेझंट उठले, सगळे सुखरूप शेजारच्या काउंटीकडे. बार एकही नाही. हे शिट्टी फुंकत होते, पण ओठ थरथरत असल्यामुळे सूर निघाला तो "परत ये"चा नाही, चहाच्या किटलीचा. गावात ह्यांना आता सगळे नावाने ओळखतात.

फेझंटांच्या बाजूने बघितलं तर मोहीम फत्ते झाली, अण्णा. तुम्हीच सांगायचात, फणसाडचं रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीसाठी राखलेलं, आणि 1986 पासून अभयारण्य. वालने ते काम दीड मिनिटात उरकलं.

त्या दिवसाची भरपाई म्हणून गेल्या शनिवारी आम्ही हाकेवाल्यांना पोपटी घातली. मडकं नव्हतं, बागेतली कुंडी घेतली आणि तिचं भोक कणकेने बुजवलं. वालाच्या शेंगा लेस्टरच्या गुजराती दुकानातून, गोठवलेल्या. भांबुर्डीचा पाला इथे कुठला? कोबीची पानं लावली, ओवा टाकला आणि डोळे मिटून घेतले. आत अंडी, बटाटे आणि मसाला चोळलेली फेझंटची जोडी. कुंडी उपडी घालून भोवती जाळ केला. बाहेर शून्याखाली दोन. गोरे आधी लांब उभे होते. वास सुटला तसे एकेक पाऊल पुढे. फेझंट चिकनपेक्षा कोरडा, पण वाफेवर बरा मऊ झाला. कीपरच्या दाताखाली एक छरा आला, तो त्याने खिशात ठेवला. शेंगा त्याने सालासकट खाल्ल्या. आम्ही काही बोललो नाही.

अंडी सोलायला घेतली तर एक कमी. वाल कुठे दिसेना. अंधारातून आली ती तोंडात अंडं घेऊन, आणि कीपरपुढे बसली. त्याने हात पुढे केला. तिने अंडं तळव्यावर ठेवलं. कवचाला एक तडा नव्हता. त्याने ते टॉर्चच्या उजेडात चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि ह्यांना म्हणाला, "पुढच्या ऑक्टोबरात आणा तिला. दोरीसकट."

आई, तब्येतीला जप. चिमीचा नमस्कार.

तुमची,
बेबी

ता. क. भांबुर्डीचा पाला पाठवू नका, पाल्याला इथे विमानतळावर अडवतात. आणि व्हिडिओ कॉल करताना गॅसवर कुकर असेल तर आधी बंद करा. मागच्या रविवारी तुमच्या नागोठण्याच्या तीन शिट्ट्यांवर आमची वाल अर्धा तास बसून होती.