साहेबांच्या फोनची गंमत

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, आमच्या ह्यांच्या कानावर नको जायला. कोपऱ्यातल्या बंगल्यातल्या साहेबांनी नवा फोन घेतला ना, पेढेपण वाटले. तसे साखरेचेच होते म्हणा, पण ते जाऊ दे... तर काय सांगत होते, त्या फोनवर ऑफिसचं मेलच येईना!

आमचा धाकटा त्यांच्याच आयटीत. रविवारी सकाळी साडेसातला बोलावणं. पासवर्ड बघितला, बरोबर. अकाउंट काढून पुन्हा टाकलं, तेच. कॉम्प्युटरवर मेल छान येतंय. मग ह्याने त्याच फोनवर स्वतःचं अकाउंट टाकलं, तर मेल धो धो! बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "ह्या पोराला येतंय आणि तुम्हाला नाही?" साहेबांचा चेहरा असा उतरला म्हणता...

शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडलं, इव्हेंट 1053. फोन पहिल्यांदा जोडला की एक्स्चेंज त्या माणसाच्या नावाखाली ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक कप्पा करतं, फोनच्या नोंदीसाठी. तो करायची परवानगीच नव्हती त्याला. वरून वारशाने येणारे हक्क असतात ना, इनहेरिटन्स, ते साहेबांच्या खात्यावर बंद! धाकट्याने लॅपटॉपवरून टिक केली आणि म्हणाला, आता जोडा. साहेब म्हणाले, "आधी आंघोळ, पूजा." त्यांची पूजा तुम्हाला ठाऊकच आहे, नैवेद्यापर्यंत दीड तास. सोवळं सोडून फोन हातात घेतला, तर पुन्हा एरर. बघतो तर टिक गायब! "तू केलीच नव्हतीस," साहेब गरजले. माझ्या लेकावर हो, चहाही गार झालेला त्याचा.

पण पोरगं हुशार. म्हणालं, साहेब, तुम्ही प्रिंट ऑपरेटर्सच्या गटात आहात का? आणि बाई फस्सकन हसल्या! कारण मागे ह्यांनीच हट्ट धरला होता, प्रिंटर माझ्या ताब्यात पाहिजे म्हणून. तो गट निघाला मानाचा, डोमेन ॲडमिन्सच्या पंगतीतला. अशा मंडळींच्या खात्यावर दर 60 मिनिटांनी पहारा फिरतो. कुणी हक्कांना हात लावला असला की पुसायचं आणि ॲडमिनएसडीहोल्डर नावाच्या नमुन्यासारखं करून ठेवायचं. घरात नाही का, सुनेने डबे हलवले की सासू... असो, मी कुणाचं नाव घेत नाही.

तर काय सांगत होते, गटातून काढलं तरी टिक आपोआप परत येत नाही बरं! ती हातानेच करावी लागते. ती केली, या वेळी पूजाबिजा न करता लगेच फोन जोडला, आणि आलं मेल. आमच्या लेकाची खाती दोन, रोजच्या मेलचं साधं आणि ॲडमिनच्या कामाचं वेगळं. मी म्हटलं, बरोबरच आहे, पाटल्या-बांगड्या घालून कुणी भाजी आणायला जातं का?

साहेब आता सगळ्यांना सांगतायत, रविवारी नेटवर्क नव्हतं. आणि काल ऑफिसच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाले, "त्याचं माझ्याकडे नाही आता."