टेल कापायची नाही

डोंबिवली असो, कोथरूड असो की सांगलीतली एखादी गल्ली, असा एक माणूस गावोगावी असतोच. घरातल्या लहान बेडरूमला तो स्टुडिओ म्हणतो. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीवर दुहेरी घोंगडी, आणि कपाटात शर्टांच्या जागी हार्डडिस्क. दिवसा कुठेतरी नोकरी करतो आणि रात्री भजनी मंडळं, होतकरू गायिका, गणपतीची नवी गाणी यांचं मिक्सिंग करतो. पैसे बहुतेक वेळा पेढ्यांच्या रूपात मिळतात. आमच्या ओळखीतल्या या गृहस्थांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो.

कुणी नवं गाणं करून आणलं की लोक विचारतात, चाल कुणाची, शब्द कुणाचे. भाऊ विचारतात, "रिव्हर्बचा रिटर्न प्रिंट केलास का?"

समोरचा गोंधळला की भाऊंना भरतं येतं. खुर्ची फिरवून ते सुरू करतात. "हे बघ राजा. गायिकेचा आवाज सरळ मास्टरला जातो, कोरडा. त्यातलाच थोडा आपण सेंडने बसवर घालतो आणि ती बस रिव्हर्बला, म्हणजे घुमारा देणाऱ्या प्लगइनला, जाते. म्हणजे शेजारी वाटीभर भाजी पाठवली. आता शेजारीण वाटी रिकामी परत देत नाही, त्यात काहीतरी घालूनच देते. तो रिटर्न. पण तिने आपलीच भाजी परत पाठवली तर काय उपयोग? म्हणून रिटर्नवरचं रिव्हर्ब शंभर टक्के वेट ठेवायचं. कोरडा आवाज आपल्या घरी आहेच की!" एवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो, "वाटीवरून आठवलं, वरच्या मजल्यावरनं माझी स्टीलची वाटी यायचीय अजून."

इतर लोक इथे थांबतात. भाऊंचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. रिटर्नचं आउटपुट ते एका नव्या बसला देतात, तीच बस एका कोऱ्या ऑडिओ ट्रॅकचं इनपुट करतात, ट्रॅक लाल करतात आणि गाणं पहिल्यापासून सोडतात. ही झाली प्रिंट. आवाजाची प्लेट वेगळी, बासरीचा हॉल वेगळा, टाळांची छोटी खोली वेगळी. प्रत्येक फाइल शून्यापासून, म्हणजे उद्या कुणी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकली तरी जागच्या जागी बसेल. हेच काम एका कमांडवर पाच सेकंदांत होतं असं कुणी सांगितलं, तर भाऊ चष्म्यावरून बघतात. "न ऐकता? न ऐकता घेतलेलं मी माझं म्हणत नाही."

आणि मग शेवटचा सूर संपतो. भाऊ ओठांवर बोट ठेवतात. रिव्हर्बची टेल, म्हणजे घुमाऱ्याचं शेपूट, विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. पंखा बंद, मोबाइल बंद. कुकरची शिट्टी होणार असं दिसलं तर गॅससुद्धा बंद. आता या सगळ्यात माइक कुठेच चालू नसतो. आवाज कॉम्प्युटरच्या आतल्या आत एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जात असतो, शेजारी ढोलपथक वाजलं तरी फाइलवर ओरखडा उठायचा नाही. हे भाऊंना आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. तरीही टेल पूर्ण विरली, वर दोन बार कोरे गेले, की मगच बोट खाली येतं आणि वहिनी गॅस पेटवतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर "उद्या उघडलंच नाही तर?" हा भाऊंचा मूलमंत्र आहे. प्लगइनचं लायसन्स संपेल, कंपनी गुंडाळेल, नवा कॉम्प्युटर जुनं सेशन ओळखणार नाही. शिवाय काही रिव्हर्ब आतून सतत डुलत असतात. आज जी टेल वाजली, ती उद्या हुबेहूब तशीच वाजेल याचा भरवसा नाही. मुद्दा बिनतोड आहे. फक्त भाऊ तो सगळीकडे लावतात. लाइटबिलाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा मोबाइलवर फोटो आणि त्या फोटोची प्रिंट. लग्नाच्या अल्बमच्या तीन प्रती तीन नातेवाइकांकडे, "आग लागली तर" म्हणून.

प्रिंट झाली की खात्री करणं आलं. छापलेल्या ट्रॅकचा फेज उलटा करून तो जिवंत रिटर्नसोबत वाजवायचा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच उरत नाही. एकदा हे जमलं तेव्हा भाऊंनी वहिनींना कणकेच्या हातांनी बोलावून घेतलं. मला बसवलंच होतं.

"ऐका."

आम्ही ऐकलं.

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"उत्तम!" भाऊंचा चेहरा उजळला. वहिनी म्हणाल्या, "हे ऐकायला मला बोलावलंत?" आणि पोळ्यांकडे गेल्या.

शिकायला येणाऱ्या पोरांची मात्र धडगत नसते. एकाने छापायच्या ट्रॅकचं आउटपुट पुन्हा रिव्हर्बच्याच बसला जोडलं. आवाज फिरून फिरून स्वतःवरच चढत गेला आणि असा हुंकारला की खालच्या मजल्यावरचे आजोबा बोळकं पसरून वर आले. दुसऱ्याने प्रिंट बरोबर घेतली, पण जिवंत रिटर्न म्यूट करायला विसरला. दोन्ही एकदम वाजले, रिव्हर्ब सहा डेसिबलने चढलं आणि साधी आरती विहिरीतून येऊ लागली. भाऊ "डबल! डबल!" करत आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले होते. तिसऱ्याने आवाज सोलो केला, त्यासरशी रिटर्न गप्प झाला आणि गायिका रडवेली झाली, "भाऊ, माझा आवाज असा आहे?" तेव्हापासून रिटर्न सोलो सेफ केल्याशिवाय पोरांना चहा मिळत नाही.

चहाबरोबर इतिहास फुकट. 1947 साली बिल पुटनम नावाच्या अमेरिकन माणसाने शिकागोत स्टुडिओचं न्हाणीघरच घुमाऱ्यासाठी वापरलं आणि हार्मोनिकॅट्सची रेकॉर्ड गाजवली. 1957 साली जर्मनीतून ईएमटी 140 ही प्लेट आली, पत्र्याची भलीमोठी चादर, वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. 'मुघल-ए-आझम'साठी नौशादसाहेबांनी लताबाईंना न्हाणीघरात गायला लावल्याची गोष्ट सांगताना तर भाऊ उठून उभे राहतात. "त्यांचं रिव्हर्ब त्यांनी टेपवर छापलं, म्हणून आज ऐकायला मिळतंय. न्हाणीघर राहिलंय का कुठे?" यावर आपण काय बोलणार?

दुसऱ्याचं न्हाणीघर मिळेना म्हणून एकदा भाऊंनी लिंबची बारा मोटांची विहीर गाठली. साताऱ्याजवळची ती काळ्या दगडाची विहीर. कार्यक्रम साधा होता: फुगा फोडायचा, दगडातून परत येणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्यावरून त्या जागेचं रिव्हर्ब कॉम्प्युटरवर उभं करायचं. पहिला फुगा फुटला आणि कबुतरांचा थवा उडाला. दुसऱ्याला सहलीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याच्या वेळी भाऊंनी मुलांना रांगेत बसवून ओठांवर बोट ठेवायला शिकवलं आणि बदल्यात उरलेले फुगे वाटून टाकले. त्या टेलमध्ये अगदी शेवटी एक पोर खुदकन हसतं. भाऊंनी ते काढलं नाही. भजनी मंडळाच्या एका अभंगाला ते अजून बारीक ऐकू येतं.

तोच अभंग पुढे एका मालिकेला हवा झाला. डबिंगवाल्यांनी निरोप धाडला: आवाज वेगळा द्या, रिव्हर्ब वेगळं द्या, संवादाखाली बसवायचंय. ज्या प्लगइनवर ते रिव्हर्ब केलं होतं, ते नव्या कॉम्प्युटरवर चालेना. आम्ही हवालदिल झालो. भाऊंनी कपाट उघडलं, हार्डडिस्क जोडली आणि चहा गार व्हायच्या आत कोरडा आवाज, त्याचं रिव्हर्ब, बासरीचं रिव्हर्ब अशा फायली रवाना झाल्या. "बघ, मी म्हणत नव्हतो?" हे वाक्य आता येणार म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. ते आलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "टेल कापणार नाहीत ना रे?"

प्रसारणाच्या रात्री सगळं मंडळ त्यांच्या हॉलमध्ये जमलं. अभंग संपला, घुमारा पसरू लागला आणि त्याच क्षणी टूथपेस्टची जाहिरात लागली. मंडळाने टाळ्यांचा कडकडाट केला, पेढे फिरले. भाऊ तेवढे पेढा हातात धरून टीव्हीकडे बघत राहिले. "दीड सेकंद राहिलं होतं," ते म्हणाले.

पाहुणे पांगल्यावर ते स्टुडिओत गेले. त्या अभंगाच्या फोल्डरमध्ये आता आणखी एक फाइल आहे: मालिकेत वाजलं तेवढंच गाणं, संपूर्ण टेलसकट. चॅनेलवाल्यांनी उद्या मागितलीच तर.