प्रदर्शनाच्या खोंडाची निवड

जनावरांच्या प्रदर्शनात उतरवायचा खोंड निवडताना दोन परीक्षा घ्याव्या लागतात, एक खोंडाची आणि दुसरी घरच्यांची. पहिलीवर पशुवैद्यकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. दुसरीवर कोणी लिहीत नाही, आणि बहुतेक खोंड तिथेच नापास होतात. ज्या तरुणाने खोंड पाळायचे मनावर घेतले आहे त्याला पुढे ‘उमेदवार’ म्हटले आहे. त्याचे मत विचारात घेण्याची पद्धत नाही.

प्रस्तुत विवेचन खिल्लारपुरते आहे. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांचा माणदेशी टापू आणि त्याला लागून विजापूर-बेळगावचा कोरडा पट्टा ही खिल्लारची भूमी. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ हीही याच राज्यातली नामांकित गुरे आहेत. परंतु आटपाडीच्या बाजारात त्यांची तारीफ करणाऱ्याला दुसरा चहा मिळत नाही.

चांगल्या खिल्लार खोंडाचे तोंड लांब आणि निमुळते असते, कपाळाच्या मधोमध खाच असते. कातडी पातळ आणि अंगाला चिकटलेली, गळ्याखालची पोळी बेताची, खूर लहान, कठीण, काळे. पाय सरळ पडतात की गुडघे एकमेकांना भेटतात, हे खोंड चालवून मागून पाहावे. विक्रेता खोंड उभाच दाखवत असेल तर त्याला काहीतरी कारण असते. शिंगांचा प्रश्न अवघड आहे. खिल्लारची कीर्ती शिंगांवर. ती मुळाशी जवळजवळ उगवतात, मागे झुकतात आणि मग टोकदार होऊन वर चढतात. लहान खोंडाच्या डोक्यावर मात्र नुसती बोंडे असतात. अशा वेळी आईची शिंगे पाहावीत असे शास्त्र सांगते. विक्रेता आई लांबच्या रानात असल्याचे सांगतो. नुकत्याच जन्मलेल्या खिल्लार वासराच्या डोक्यावर तांबूस झाक असते आणि ती दोनेक महिन्यांत जाते. हे ठाऊक नसलेले उमेदवार जातीत भेसळ झाल्याच्या शंकेने परत फिरतात.

वयाचा दाखला दातांत असतो. दुधाचे सगळे दात शाबूत असतील तो आदत, पहिली पक्की जोडी आली की दुसा, मग चौसा, सहादाती आणि अखेर जुळलेला. प्रदर्शनातले गट बहुधा याच हिशेबाने पाडतात. देशी गोवंशात पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते, म्हणून आदत गटाची मुदत त्या अलीकडे संपते. दात खालच्याच जबड्यात पाहावेत. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तरी दरवर्षी कोणीतरी ते पडल्याबद्दल किंमत कमी करून मागतो.

यानंतर भोवरे. केसांच्या या वळणांना पशुवैद्यकात गुण नाहीत, घरात मात्र पैकीच्या पैकी आहेत. आजोबा चष्मा पुसून खोंडाभोवती प्रदक्षिणा घालतात आणि कुठेतरी एक गोम काढतात. ती त्यांनी काढली नाही तर चुलते काढतात. अनुभव असा की विकत घेताना अशुभ असलेला भोवरा दावणीला बांधल्यावर शुभ होतो, आणि पुढे विकताना तर लक्ष्मीचा होतो.

सौदा उपरण्याखाली होतो. शेकडा की हजार हे तोंडाने ठरते, आकडा बोटे दाबून. या व्यवहारात उमेदवाराने हात घालू नये. गुदगुल्या झाल्याने हसू आले तर दलाल तो होकार धरतात. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा खोंड स्वस्त होते आणि घ्यायला धीर होत नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि आता धीर आहे पण खोंड परवडत नाही.

घेण्याआधी कानातला पिवळा बिल्ला पाहावा. त्यावर बारा आकडे असतात. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झाली का, हे विक्रेत्याच्या शपथेवर न सोडता दवाखान्यातून विचारून घ्यावे. खुराकाचा विषय मात्र थोडक्यात आटोपतो, कारण सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि हिरवी वैरण यांवर घरात सर्वांचे एकमत होते. शेण कोण काढणार यावर चर्चा होत नाही. ते आई काढते, आणि खोंड निवडायला गेलेल्या जीपमध्ये तिला जागा नसते.

एवढ्या सगळ्या कसोट्या लावायला वेळ लागतो. दीड वर्षाचा खोंड पंढरपूरला कार्तिकीच्या बाजारात नजरेत भरतो. पुसेगावला सेवागिरींच्या यात्रेत तोच पुन्हा भेटतो, तेव्हा आजोबांना गोम सापडते. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत किंमत जुळत नाही. पुढच्या कार्तिकीपर्यंत गोम मावळते, चुलते विरघळतात, उपरण्याखालची बोटे सैल होतात आणि खोंड गुलाल लावून घरी येतो. प्रदर्शनाच्या दिवशी उमेदवार अर्जावर ‘आदत’ लिहितो. पंच खोंडाचा खालचा ओठ खाली ओढतात, दोन पक्के दात पाहतात आणि नाव दुशाच्या यादीत घालतात. त्या यादीत आधीच चाळीस खोंड असतात.