आजारी पडा, बोरोदिनसाहेब!

रशियन संगीतात बहुतेक लोक चायकोव्हस्कीच्या दिंडीदरवाजातून शिरतात. तिथे हंस असतात, बर्फ असतं, नाचणाऱ्या पऱ्या असतात. वाट चुकायची भीती नसते. मी शिरलो तो मागच्या दाराने, आणि तेही बारावीच्या रसायनशास्त्राचं बोट धरून.

आमचा भाचा त्या वर्षी डॉक्टर व्हायच्या तयारीत होता, म्हणजे आमच्याकडे टीव्ही बंद होता. घरभर भिंतींवर रासायनिक अभिक्रियांचे कागद चिकटवलेले. दात घासतानासुद्धा समोर ‘अल्डॉल कंडेन्सेशन’. या अल्डॉलने माझ्या पिढीलाही छळलं आहे. दोन अल्डिहाइडं एकमेकांना येऊन मिळतात आणि विद्यार्थ्याचे गुण हातचे जातात, एवढं मला अजून आठवतं. तर ही भानगड १८७२ च्या सुमारास दोघांनी स्वतंत्रपणे उजेडात आणली: पॅरिसच्या वुर्ट्झ यांनी आणि सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक अलेक्झांडर बोरोदिन यांनी. हे बोरोदिन फावल्या वेळात सिंफनी लिहायचे, असं क्लासच्या सरांनी जाता जाता सांगितलं. भाच्याने ‘परीक्षेला नाही’ म्हणून ते सोडून दिलं. मला परीक्षाच नव्हती.

फावल्या वेळात सिंफनी! आमच्याकडे फावल्या वेळात माळा आवरतात, आणि तोही आवरून होत नाही. या माणसाला फावला वेळ मिळत तरी कधी होता, हे शोधायला मी बसलो आणि लक्षात आलं की मिळतच नव्हता.

जन्म १८३३ चा. वडील जॉर्जियन वंशाचे सरदार, आई त्यांची लग्नाची बायको नव्हे. म्हणून नोंद झाली ती सरदारांच्या एका भूदासाचा मुलगा अशी. बोरोदिन हे आडनावही त्या भूदासाचंच. म्हणजे कागदोपत्री एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, हा कार्यक्रम जन्मापासूनच सुरू झाला होता. पुढे हा मुलगा पीटर्सबर्गच्या वैद्यकीय-शल्य अकादमीत शिकला आणि तिथेच रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. राहायला अकादमीच्याच इमारतीत जागा, प्रयोगशाळेला लागून. बायकांना डॉक्टर होता यावं म्हणून १८७२ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाले, त्यातही हा पुढे. शिवाय समित्या, सभा, गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी. आपल्याकडे अशा माणसाला ‘सार्वजनिक काका’ म्हणतात आणि त्याच्या घरी जेवायची वेळ झाली की त्याला शोधायला माणूस पाठवतात.

गंमत म्हणजे त्याची मित्रमंडळीही अशीच. स्तासोव्ह नावाच्या समीक्षकाने १८६७ मध्ये ज्यांना ‘बलाढ्य मूठभर’ असं नाव दिलं, त्या पाच जणांची हजेरी घेऊन पाहा. सेझार कुई हे किल्लेबंदीचे तज्ज्ञ, लष्करात जनरलपदापर्यंत चढलेले. रिम्स्की-कोर्साकॉव्ह नौदलात अधिकारी. मुसोर्गस्की आधी सैन्यात, मग सरकारी कारकुनीत, त्यातही काही काळ वनखात्यात. पाचवे बालाकिरेव्ह तेवढे पूर्णवेळ संगीतकार आणि बाकीच्यांचे गुरू. पण तेही एकदा वैतागले आणि रेल्वेच्या मालवाहतूक कचेरीत नोकरीला लागले. रशियाचं अस्सल रशियन संगीत घडवलं ते या लोकांनी, रजेचे अर्ज टाकून. मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. बोरोदिनचं ‘मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात’ पीटर्सबर्गला वाजलं ते १८८० मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात सरकारी नोकरीतल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं.

बोरोदिनच्या घराचं वर्णन रिम्स्की-कोर्साकॉव्हने आठवणींत करून ठेवलंय. ते वाचून मला या माणसाबद्दल इतकी माया वाटली की त्याचा एक सूरही ऐकण्याआधी मी त्याचा चाहता झालो होतो. घर कायम पाहुण्यांनी भरलेलं. कुणी नातेवाईक शिकायला आलेला, कुणी आजारी, कुणी असाच. कोचावर माणसं, जमिनीवर माणसं. पियानो वाजवावा तर शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं. मग हा भला गृहस्थ झाकण लावून घेई. बायको येकातेरिना स्वतः उत्तम पियानोवादक, पण दम्याने आणि निद्रानाशाने बेजार. तिला रात्री झोप नाही, म्हणून यालाही नाही. जेवणाच्या वेळांना ताळतंत्र नव्हता. आणि मांजरं! ती जेवणाच्या टेबलावरून फिरत, ताटात तोंड घालत. एक बोका हिवाळ्यात गोठलेल्या नदीतल्या भोकांतून मासे पकडून घरी आणायचा. त्याचं नावच ‘मासेमार’ पडलं होतं. त्या घरात वेळापत्रकाने काम करणारा बहुधा तेवढाच. मित्राशी संगीतावर बोलणं रंगात आलं की मध्येच बोरोदिन उठून प्रयोगशाळेत धावत, काही उतू गेलं नाही ना, करपलं नाही ना हे बघायला, आणि वाटेत बोळभर विचित्र सुरावटी गुणगुणत.

मग लिहायचे कधी? तर आजारी पडले की. घसा बसला, ताप आला, म्हणजे व्याख्यान देता येत नाही, प्रयोगशाळेत उभं राहवत नाही. तेव्हा हा माणूस नाइलाजाने संगीतकार व्हायचा. मित्रांना हे इतकं पाठ झालं होतं की इतर लोक भेटल्यावर ‘प्रकृतीला जपा’ म्हणत, आणि संगीतातली मंडळी हा बरा नसावा अशी इच्छा धरत. हे त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. दुसऱ्या सिंफनीची काही पानं ऐन वेळी सापडेनात, तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या पेन्सिलीने ती पुन्हा लिहून काढली. १८७९ मध्ये ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातले नाच मैफलीत वाजायचे होते आणि वाद्यमेळ लिहून तयार नव्हता. शेवटी रिम्स्की-कोर्साकॉव्ह आणि संगीतकार ल्यादोव्ह त्याच्या घरी येऊन बसले, तिघांनी रात्री जागवून काम उरकलं. पेन्सिल पुसू नये म्हणून बोरोदिनने पानांना पातळ जिलेटिन फासलं आणि धुणं वाळत घालावं तशी ती दोरीवर टांगली. जगात प्राध्यापक पुष्कळ झाले, संगीतकारही झाले. पण आपलं संगीत दोरीवर वाळत घालणारा हा एकटाच.

असल्या माणसाचं संगीत कसं असेल? मी मनाची तयारी केली होती: धापा टाकणारं, अर्धवट, कुठेतरी मांजराने पाय दिलेलं. ‘मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात’ लावलं. सात-आठ मिनिटांचं काम. सुरुवातीला व्हायोलिनवर एक अतिशय उंच सूर, आणि तो हलायलाच तयार नाही. मी सरसावून बसलो. हा तर तंबोरा! आपला खाली असतो, यांनी पोटमाळ्यावर नेऊन ठेवलाय, एवढाच फरक. त्या सुराखाली क्लॅरिनेट एक रशियन गाणं म्हणतं, मग तारांवर बोटांनी छेडलेली टापांची चाल, आणि तिच्यावर कॉर आंग्ले नावाचं सनईच्या नात्यातलं वाद्य पूर्वेकडची धून घेऊन येतं. काफिला येतो, रशियन शिपायांच्या पहाऱ्यात पुढे जातो, दिसेनासा होतो. जाता जाता दोन्ही सुरावटी एकमेकींत अशा बेमालूम मिसळतात की मी आपोआप हात वर केला. (तुकडा झारच्या राज्यारोहणाच्या पंचवीस वर्षांच्या समारंभासाठी लिहिलेला. नव्याने जिंकलेल्या मुलखात उंट पहाऱ्याखाली किती निर्धास्त चालतात, हे दाखवणं समारंभाला सोयीचंच होतं. असले समारंभ आपण पाहतो. त्यात संगीत मात्र इतकं चांगलं नसतं.)

मला चकित केलं ते त्या निवांतपणाने. ज्याच्या घरात पाच मिनिटं सलग शांततेची मिळत नव्हती, तो माणूस एका सुरावर बसून राहतो, जणू उद्या व्याख्यानच नाही. १८८१ चं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट ऐका. बायकोला अर्पण केलेलं. बोरोदिन स्वतः हौशी चेलोवादक, आणि तिसऱ्या भागात चेलो जे गायला लागतो ते हलक्या आवाजात, उंच पट्टीत, काही मागणं नसल्यासारखं. मग व्हायोलिन तेच पुन्हा म्हणतं, आणि पुढे दोघं एकमेकांच्या मागून एक-दोन पावलांच्या अंतराने चालू लागतात. मैफलीत वाढलेल्या माणसाला इथे ‘क्या बात है’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. पाश्चात्त्य सभागृहात ती सोय नाही. तिथे खोकायलासुद्धा दोन भागांमधली फट गाठावी लागते. म्हणून मी घरीच ऐकतो आणि मोठ्याने दाद देतो. बायको स्वयंपाकघरातून ‘काय हवंय?’ विचारते.

‘प्रिन्स इगोर’ त्याने १८६९ मध्ये हातात घेतला. १८८७ मध्ये अकादमीत वेषांतराचा नाच होता, आयोजनात अर्थातच बोरोदिन. रशियन पोशाखात, हसत-बोलत असतानाच तो कोसळला आणि गेला. वय ५३. ऑपेरा अठरा वर्षांनंतरही अपुराच होता. तो रिम्स्की-कोर्साकॉव्ह आणि तरुण ग्लाझुनोव्ह यांनी पुरा केला, आणि १८९० मध्ये मारिन्स्की नाट्यगृहात रंगमंचावर आला. त्याची नांदी कागदावर नव्हतीच. बोरोदिनला ती पियानोवर वाजवताना ऐकलेली, त्या आठवणीवरून ग्लाझुनोव्हने उभी केली. असे मित्र मिळायला नशीब लागतं. माझाही एक लेख बरेच दिवस अर्धवट पडलाय. मेव्हण्याला विचारलं, तर तो म्हणाला, जेवढा झालाय तेवढाच बरा आहे.

पुढचा किस्सा बोरोदिनच्याच तोलाचा. त्याच्या सुरावटी घेऊन अमेरिकेत ‘किस्मेट’ नावाचं संगीत नाटक उभं राहिलं. ‘प्रिन्स इगोर’मधल्या मुलींच्या नाचाचं ‘स्ट्रेंजर इन पॅरडाइझ’ हे गाणं झालं, क्वार्टेटमधल्या त्या तिसऱ्या भागाचंही गाणं झालं, आणि १९५४ मध्ये ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार संगीतकार म्हणून बोरोदिनला मिळाला. जाऊन ६७ वर्षं झालेली. जिवंत असता तरी समारंभाला पोचला असता याची खात्री मी देणार नाही.

‘प्रिन्स इगोर’ अख्खा ऐकायचं मी ठरवलंय. पण प्रस्तावना आणि चार अंक, त्यासाठी सलग वेळ लागतो, आणि तो आमच्या घरी मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात सुदैवाने ताप आला. मी अंथरुणात कान बांधून बसलो, प्रस्तावना झाली, पहिला अंक झाला. तेवढ्यात घरच्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि डॉक्टर नेमके चांगले निघाले. दुसऱ्या अंकाच्या तोंडावर मी खडखडीत बरा झालो. ते सुप्रसिद्ध नाच दुसऱ्या अंकात आहेत.