धुळीचा सातबारा

नवा कॅमेरा घेतलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याचे पहिल्या महिन्यातले फोटो बघावेत. सुरुवातीला मुलं, मांजर, गॅलरीतली जास्वंद. मग एका संध्याकाळी निळ्या आकाशात वर डावीकडे एक करडा ठिपका दिसतो. घार असेल म्हणून तो फोटो मोठा करून बघतो. पुढच्या फोटोतही घार तिथेच. त्याच्या पुढच्याही. एवढी एकनिष्ठ घार पक्षितज्ज्ञ सालिम अलींनाही भेटली नसावी. त्या रात्रीपासून मुलं, मांजर, जास्वंद सगळं बंद आणि भिंत सुरू. पांढरी भिंत, पांढरा कागद, ढगाळ आकाश. सगळं एफ २२ ला, मुद्दाम फोकस घालवून. घरच्यांना वाटतं, रंगकाम काढायचं ठरलंय.

ती घार म्हणजे धूळ. आता एवढा आटापिटा ज्या सेन्सरसाठी, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपसाठी चालतो, त्या सेन्सरवर धूळ मुळात बसतच नाही. सेन्सरच्या पुढे काचेच्या गाळण्या असतात. धूळ बसते त्या काचेवर आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे असलेल्या सेन्सरवर पडते तिची सावली. लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं असेल, म्हणजे एफ २ किंवा २.८, तर प्रकाश रुंद कोनातून येतो आणि सावली पसरून विरून जाते. तोंड बारीक करत एफ १६, एफ २२ वर आलात की प्रकाशाची वाट अरुंद होते आणि तीच सावली काळीभोर, रेखीव होऊन बसते. कण तोच, जागा तीच. तुम्ही बघायला लागलात, एवढाच फरक.

म्हणून धूळ माणसाचा धंदा बघून त्रास देते. ताडोबात दिवसभर जिप्सीच्या मागची लाल धूळ खाणारा वाघवाला एफ ४ वर फोटो काढतो. त्याच्या सेन्सरवर अर्धा चंद्रपूर जिल्हा असला तरी त्याला पत्ता नसतो. लग्नवाला एफ १.८ वर नवरीच्या पापण्या टिपतो, तोही सुखी. रडतो तो हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाला तिपाई लावून एफ १६ वर सूर्यास्त टिपणारा. त्याच्या फोटोत तीन चतुर्थांश आकाश असतं आणि आकाशात लपायला जागा नसते. कासच्या पठारावर पोटावर झोपून फुलांचे क्लोजअप काढणाऱ्याचेही हेच हाल.

आणखी एक गंमत म्हणजे लेन्स चित्र उलटं पाडते. फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका कॅमेऱ्यात समोरून डोकावलं तर खाली डावीकडे असतो. हे माहीत नसल्याने लोक तासभर स्वच्छ कोपरा पुसतात आणि घाण कोपऱ्याकडे पाहून समाधानाने मान डोलावतात. नगरपालिकांना हे तंत्र जुनंच परिचयाचं आहे. दुसरे काही महाभाग रात्रीच्या फोटोतला लाल-निळा चमकता बिंदू ब्लोअरने उडवायला बघतात. तो बिंदू म्हणजे धूळ नाही, तापलेला पिक्सेल आहे. तो मेन्यूतल्या पिक्सेल मॅपिंगने दबतो, फुंकरीने नाही.

हे झालं शास्त्र. खरा वाद वेगळाच आहे. ठिपका तर आहे. पण तो कोणाच्या नावावर? धुळीचा सातबारा काढायची वेळ आली की कंपनी म्हणते धूळ गिऱ्हाइकाची, गिऱ्हाईक म्हणतं कंपनीची. मधल्या मध्ये धूळ निवांत.

या वादातला गाजलेला खटला निकॉन डी६०० चा. सप्टेंबर २०१२ मध्ये हा कॅमेरा आला. २४ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, अमेरिकेत किंमत सुमारे २१०० डॉलर. फुल फ्रेमच्या मानाने स्वस्त, म्हणून हौशी लोकांनी उड्या मारल्या. महिन्याभरात ठिपक्यांची ओरड सुरू झाली. ऑक्टोबरमध्येच लेन्सरेंटल्स या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या अमेरिकन कंपनीने लिहिलं की आमच्याकडच्या डी६०० वर नेहमीपेक्षा जास्त कचरा दिसतोय आणि तो बहुतेक फोटोच्या वरच्या डाव्या भागात आहे. गुप्तहेर नसलेल्यालाही यातून अर्थ काढता येईल. बाहेरची धूळ सगळीकडे सारखीच बसते. रोज एकाच कोपऱ्यात कचरा पडत असेल तर टाकणारा घरातलाच. वापरणाऱ्यांचा संशय शटरवर होता: पडदा उघडतो, मिटतो, आणि जाता-येता वंगणाचे नि झिजेचे शिंतोडे काचेवर उडवतो. एकाने आपल्या नव्या कॅमेऱ्याचे हजार फोटो ओळीने लावून ठिपके कसे वाढत जातात त्याची फीतच केली. बाळाच्या वाढीचा आल्बम करतात तसं.

कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर दिलं. काही ग्राहकांना फोटोत काळे कण दिसतात असं आमच्या कानावर आलंय, तरी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे ब्लोअरने साफ करावं, नाही गेलं तर सर्व्हिस सेंटरला दाखवावं. चूक कोणाची यावर अक्षर नाही. सांत्वनाचं पत्र आणि कोण गेलं त्याचा उल्लेखच नाही, असा तो मजकूर.

मग ऑक्टोबर २०१३ मध्ये डी६१० अवतरला. डी६०० ला जेमतेम वर्ष झालं होतं. नव्यात काय? सेकंदाला साडेपाचऐवजी सहा फोटो, जरासा सुधारलेला रंग, आणि हो, शटरची यंत्रणा नवी. का नवी, ते विचारू नये. आजवर कंपन्यांनी माफी मागण्याचे जेवढे प्रकार शोधले, त्यातला हा सर्वांत फायदेशीर. चूक कबूल करायची नाही, दुरुस्ती नव्या खोक्यात घालायची आणि पुन्हा विकायची.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मात्र कंपनी नरमली. वॉरंटी संपलेली असली तरी तपासणी, सफाई आणि शटर बदलणं फुकट, असं जाहीर झालं. तेवढ्यात १५ मार्च उजाडला. हा जागतिक ग्राहक हक्क दिन. चीनच्या सरकारी वाहिनीचा या दिवशी एक कार्यक्रम असतो आणि त्यात एखाद्या बड्या कंपनीची जाहीर हजेरी घेतली जाते. त्या वर्षी पाळी निकॉनची होती. ठिपक्यांची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना सेवा केंद्रात काय सांगितलं, ते कार्यक्रमात दाखवलं: हवेतल्या धुरक्यामुळे होतं. धुरकं कॅमेऱ्यात शिरतं ते फक्त डी६०० च्याच, हा त्या धुरक्याचा चोखंदळपणा कोणी तपासला नाही. लगोलग शांघायच्या प्रशासनाने हा कॅमेरा दुकानांतून उतरवायला लावला. शटर बदलूनही ठिपके राहिले तर डी६१० किंवा तशाच दुसऱ्या कॅमेऱ्यावर बदलून देऊ, इथपर्यंत कंपनी आली. दीड वर्ष ग्राहकांनी जे मागितलं ते सरकारी वाहिनीने एका रात्रीत मिळवलं. आपल्याकडे २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. बॅनर लागतो. चहा-बिस्किटं होतात. ग्राहकाला पुढची तारीख मिळते.

हवेवर ढकलायची युक्ती काही चीनपुरती नाही. कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही कंपनीच्या काउंटरवर हा संवाद ऐकू येतो.

"सर, कॅमेरा कुठे वापरता?"

"घरीच. आठच दिवस झालेत घेऊन."

"घर रस्त्याला लागून आहे का?"

"नाही, आत आहे."

"शेजारी बांधकाम चालू असेल."

"...आहे."

"मग बरोबर आहे, सर."

महाराष्ट्रातल्या कुठल्या घराशेजारी बांधकाम चालू नाही? हा प्रश्न ज्याने शोधून काढला त्याला कंपनीने बढती द्यावी.

सगळ्यात श्रीमंती थाट मात्र लायकाचा. २००९ सालचा एम९, किंमत सुमारे सात हजार डॉलर. त्याच्याही फोटोत ठिपके येऊ लागले. लोकांनी पुसले, पुन्हा पुसले, ठिपके जागचे हलेनात. शेवटी कळलं, ती धूळ नव्हतीच. सेन्सरवरची काचच खराब होत होती. काचेचा थर ओलाव्याने सडत होता. गरिबाच्या कॅमेऱ्यावर धूळ बसते, श्रीमंताच्या कॅमेऱ्याची काच गंजते. लायकाने २०१४ मध्ये सेन्सर फुकट बदलून द्यायचं कबूल केलं, २०१७ मध्ये फुकटचा हिशेब बंद केला.

आता न्यायाने बोलायचं तर आपलाही वाटा छोटा नाही. खोक्यातून निघालेला कॅमेरा आपण आधी काय करतो? पाटावर ठेवतो. दसरा असो, पाडवा असो, नाहीतर नुसता गुरुवार असो. हळद, कुंकू, अक्षता, वर उदबत्ती, आणि "सगळं नीट उघडून ठेव रे, पूजा पूर्ण व्हायला हवी" म्हणणारी आजी. लेन्स शेजारी, बॉडीचं तोंड आ वासून. हळदीपेक्षा बारीक भुकटी घरात दुसरी नसते, आणि तिची पहिली चिमूट सेन्सरला मिळते. पुढे उत्साह वाढला की सोमवती अमावास्येला जेजुरी. भंडाऱ्याने आसमंत पिवळा झालेला, पायऱ्यांवर पालखी, आणि आपला गडी गर्दीच्या मधोमध उभा राहून वाइड काढून टेली लावतोय. झूम लेन्स लांबवली-मिटवली की भात्यासारखी हवा आत ओढते, ही गोष्ट तर त्याच्या गावीही नसते. मल्हारी मार्तंड भक्ताला पावतो. वॉरंटीत मात्र भंडाऱ्याचं कलम नाही.

यावर कंपन्यांनी उपाय काढले नाहीत असं नाही. ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ मध्ये काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकायची सोय दिली. झटकलेली धूळ खाली चिकट पट्टीवर पडते. कॅननने २००६ च्या ४००डी पासून तसलीच सोय दिली. कोरडी धूळ त्याने निघते. तेलकट थेंब आणि परागकण हटत नाहीत. त्यांना नुसतं हलवून उठवता येत नाही. मिररलेस कॅमेरे आल्यावर तर सेन्सरपुढचा आरसाही गेला आणि लेन्स काढली की सेन्सर उघड्यावर. कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटेल असं केलं. घराला दार असावं ही कल्पना ई-१ नंतर पंधराएक वर्षांनी सुचली, हेही नसे थोडके.

स्वतः साफ करणाऱ्यांचीही तऱ्हा बघण्यासारखी. पहिला हुकमी उपाय म्हणजे फुंकर. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात, आणि कालपर्यंत साधी धूळ असलेला डाग पक्का होतो. दुसरा शहाणा डब्यातली दाबाची हवा मारतो. तिच्यातून द्रव बाहेर उडून काचेवर पांढरा थर धरतो. तिसरा चष्म्याचं फडकं काढतो. त्याच्याविषयी काही लिहिण्यात अर्थ नाही. करायचं ते एवढंच: बॅटरी पूर्ण भरलेली, मेन्यूतून सफाईसाठी शटर उघडलेलं, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, आणि रबरी ब्लोअरचे चार जोरकस फवारे. दहातल्या आठांचं काम इथे संपतं. उरलेल्यांनी सेन्सरच्या उंचीइतका रुंद स्वॅब घ्यावा, फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा, लहान एपीएस-सी सेन्सरला १६ चा. द्रवाचे एक-दोन थेंब, एका दिशेने एक हात, उलटवून परत एक हात, आणि स्वॅब कचऱ्यात. तोच स्वॅब धुऊन वापरणारा माणूस महाराष्ट्रात नसेल असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

या सगळ्या गदारोळात शांत फक्त खगोलवाले. जुन्नरजवळच्या गिरवलीच्या वेधशाळेपासून गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्या हौशी पोरापर्यंत सगळे एकसारख्या उजळलेल्या आकाशाचे किंवा पडद्याचे फोटो घेतात. त्यात धुळीच्या कड्या स्पष्ट उमटतात. मग ताऱ्यांच्या फोटोला त्या फोटोने भागतात. धूळ गेली. तक्रार नाही, काउंटर नाही, शेजारचं बांधकाम नाही. निकॉन आणि कॅननच्या मेन्यूतही पांढऱ्या कागदाच्या फोटोवरून ठिपके वजा करायची सोय वर्षानुवर्षं पडून आहे. ती वापरायला मॅन्युअल वाचावं लागतं, म्हणून ती सुरक्षित आहे.

ज्यांना यातून धडा नाही, पण सौदा हवा आहे, त्यांच्यासाठी एक बातमी. वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात विकणारा "सेन्सर एकदम क्लीन" असं लिहितो आणि नमुन्याला एफ १.८ वर काढलेला बायकोचा फोटो जोडतो. त्याला एफ १६ चं आकाश मागा. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं. नाही संपलं तर घ्या. आणि शटर बदलून मिळालेला डी६०० कोणी दाखवला तर सौद्याला बिनधास्त बसा. ठिपक्यांच्या बाबतीत तो डी६१० च्या बरोबरीचा आहे, नाव मात्र बद्दू झालेलं, त्यामुळे भाव पाडून मागता येतो. विकणाऱ्याला विचारा, "याच कॅमेऱ्याला ते डाग यायचे ना?" आणि तो घाईघाईने म्हणेल, "छे हो, ते हवेमुळे."