लाव्हा असा वाहत नाही

डायनासोरच्या चित्रपटांतल्या चुका आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. व्हेलॉसिरॅप्टर जेमतेम टर्की कोंबडीएवढा होता. डायलोफोसॉरस विष थुंकायचा किंवा गळ्याभोवती पडदा फुलवायचा, याला पुरावा नाही. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मधले बहुतेक प्राणी ज्युरासिक नव्हे, त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले. आणि अंबरात अडकलेल्या डासाच्या पोटात साडेसहा कोटी वर्षं डीएनए टिकत नाही. सगळं खरं. माझी तक्रार मात्र दुसरीच आहे आणि ती थेट अकोले तालुक्यातली आहे.

या चित्रपटांना ज्वालामुखी कळलेला नाही.

२०१८चा ‘ज्युरासिक वर्ल्ड : फॉलन किंगडम’ आठवा. निद्रिस्त ज्वालामुखी जागा झाला, एवढंच सांगून कथा पुढे पळते. अब्जावधी डॉलरचं उद्यान उभारताना त्या डोंगराची भीती कुणाला का वाटली नाही, हे कुणी विचारत नाही. गुंगीचं औषध टोचलेला नायक लाव्ह्यापासून हातभर अंतरावर लोळतो आणि त्याचा शर्टही करपत नाही. बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० अंश सेल्सियसचा असतो! मग राख आणि तप्त वायूंचा लोट डोंगरावरून खाली झेपावतो. असे लोट ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही वेगानं येतात. हा गडी त्याच्यापुढे धावतो, कड्यावरून समुद्रात पडतो आणि धडधाकट वर येतो.

तरीही वेग आणि तापमान मी सोडून देईन. खटकतो तो आकार. डायनासोर म्हटलं की मागे एक सुळका हवाच, त्याच्या टोकातून धूर हवा आणि दुपारभरात सगळा खेळ खल्लास. डायनासोरांच्या अखेरच्या काळातला सगळ्यात मोठा ज्वालामुखी उद्रेक असा नव्हताच. तो आपल्याकडे, दख्खनवर झाला. त्याला सुळका नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि सपाट पसरत गेला. एक थर निवला, मग दुसरा, मग तिसरा. हे सात ते दहा लाख वर्षं चाललं. आज झीज होऊनही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग या दगडाखाली आहे. अहिल्यानगर जिल्हा त्याच कातळावर बसलाय. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे त्यातच कोरले गेलेत.

अकोले तालुक्यातल्या कळसूबाईचं टोक लांबून पाहिलं की पुष्कळांना ते ज्वालामुखीचं तोंड वाटतं. ही समजूत सिनेमानं घट्ट केली. ते तोंड नाही. आडवे थर पावसानं आणि ओढ्यांनी कापत नेले, त्यातून उरलेला हा १६४६ मीटरचा डोंगर आहे. आणि याचा मला खरंच अभिमान वाटतो, की दख्खनच्या लाव्हाथरांच्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात जुन्या गटाला भूशास्त्रज्ञ जगभर ‘कळसूबाई उपगट’ म्हणतात. हे थर ओतले गेले तेव्हा डायनासोर-युगाच्या अखेरीची उल्का अजून आदळायची होती. म्हणजे बारी गावातून शिड्यांच्या वाटेनं वर चढताना आपण ज्या दगडावर पाय देतो, तो लाव्हा होऊन वाहत होता तेव्हा पृथ्वीवर डायनासोर जिवंत होते.

त्यांना मारलं कुणी? मेक्सिकोतल्या चिकशुलूबला आदळलेल्या उल्केवर सर्वाधिक संशय आहे. दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइडचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. २०१९मध्ये दोन शास्त्रज्ञगटांनी याच थरांची वयं काढली. सर्वात मोठे लोंढे उल्केच्या आधीचे की नंतरचे, यावर त्यांचं एकमत झालं नाही. एवढा जिवंत वाद, आणि पडद्यावर काय, तर एक आगीचा गोळा.

गवताचंही तेच. २०२५च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ’मध्ये टायटॅनोसॉरसचा कळप उंच गवतातून लांबलचक शेपट्या फिरवत चालतो. हे नाव १८७७मध्ये जबलपूरच्या हाडांवरून पडलं. हाडं कोणती, तर शेपटीचे मणके. एवढ्याशा पुराव्यावर हे नाव उभं आहे. गवताचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचा. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे २००५मध्ये जगानं मान्य केलं. पण गवत होतं म्हणजे गवताळ माळ होते असं नाही. ते फार पुढचे.

पटकथा लिहिणाऱ्यांना खरा प्रसंग हवा असेल तर घाटातल्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमधला विटकरी पट्टा बघावा. एक लाव्हा निवल्यावर आणि दुसरा येण्याआधी वरचा दगड कुजून झालेली ती माती, पुढच्या लाव्ह्यानं भाजलेली. अशा मधल्या काळात दख्खनवर तळी साचली, झाडं वाढली, बेडूक, मासे, कासवं नांदली. कच्छमध्ये अंजारजवळ अशाच दोन थरांमधल्या गाळात डायनासोरांची हाडं सापडली आहेत. लाव्हा येऊन गेल्यावर ते त्या भूमीवर परत आले होते. पळणाऱ्या नायकापेक्षा मला ते परत येणं बघायचंय.