काटे आणि काड्या

परदेशी मेजवानीचं आमंत्रण आलं की पहिलं काम म्हणजे निघण्यापूर्वी घरी पोटभर जेवून घेणं. शिष्टाचाराची पुस्तकं नेमकं हेच सांगायचं विसरतात. पोट भरलेलं असलं की मेजवानी हा निव्वळ हस्तकौशल्याचा विषय उरतो आणि तो पुढील मार्गदर्शनाच्या आधारे कोणाही होतकरू साधकाला साधेल.

पाश्चात्य टेबलापासून सुरुवात करावी, कारण तिथे धोका फक्त वस्तूंपासून असतो. चिनी टेबलावर तो माणसांपासून असतो.

लंडनमधल्या एखाद्या औपचारिक भोजनाला बसलात की बशीच्या डावीकडे काटे आणि उजवीकडे सुऱ्या शिस्तीत मांडलेल्या दिसतील. दचकू नये. दर पदार्थाला सर्वांत बाहेरची हत्यारं उचलायची आणि आत आत सरकायचं, एवढाच नियम. पदार्थ असे एकामागून एक वाढण्याची ही पद्धत रशियन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुराकिन नावाच्या राजदूताने ती पॅरिसात रुजवली, असं सांगतात. तोवर तिथे खूपसे पदार्थ एकदम मांडत आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो खाई. राजदूतसाहेबांच्या कृपेने अन्न गरम मिळू लागलं आणि घासायची भांडी वाढली.

पाव डावीकडचा, पाणी उजवीकडचं. यात गफलत करणारा एक तरी इसम प्रत्येक टेबलावर असतोच. त्याने उजव्या शेजाऱ्याचा पाव खाल्ला की शेजारी गुपचूप आपल्या शेजाऱ्याचा उचलतो. टेबल गोल असेल तर ही साथ पुरी फेरी मारते आणि सगळ्यांना पाव मिळतो. लांबट असेल तर टोकाचा गृहस्थ उपाशी राहतो. त्याने घरून जेवून यायला हवं होतं.

मराठी साधकाची खरी कसोटी डाव्या हाताची. लहानपणी हा हात पानाला लागला म्हणून ज्याने आजीचा धपाटा खाल्ला, त्याला आता त्याच हाताने घास तोंडात घालायचा आहे. इंग्रजी रीतीत काटा शेवटपर्यंत डाव्या हातात राहतो आणि त्याचे दाते खाली वळलेले असतात. अशा काट्याच्या पाठीवर मटार कसे बसवायचे? सुरीने दोन-चार दाणे थोडे चेपून काट्याच्या पाठीला चिकटवावेत, त्यावर बाकीचे हळुवार रचावेत आणि श्वास रोखून तोंडापर्यंत न्यावेत. वाटेत कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नये. अमेरिकेत हा छळ नाही. तिथे तुकडा कापून झाला की सुरी बाजूला ठेवून काटा उजव्या हातात घेण्याची मुभा आहे, म्हणजे आजीचाही मान राहतो.

सूप चमच्याने आपल्यापासून दूर ढकलत भरावं आणि चमच्याच्या कडेने आवाज न करता प्यावं. भुरका मारण्याची इच्छा झाल्यास ती चीनच्या दौऱ्यासाठी राखून ठेवावी. मध्येच हात थांबवायचा तर काटा आणि सुरी बशीत तिरपे, एकमेकांपासून फटकून ठेवावेत. जेवण संपलं की दोघं शेजारीशेजारी. विसाव्याच्या वेळी चुकून शेजारीशेजारी ठेवलेत तर वेटर अर्धी भरलेली बशी उचलून नेईल आणि तुम्ही आभार मानायचे. कोणी मीठ मागितलं तर सोबत मिरपूडही द्यावी. या जोडप्याची ताटातूट करणं असभ्यपणाचं समजतात. कारण विचारू नये.

हे सारं समोरच्यांना लीलया जमतं म्हणून न्यूनगंड बाळगण्याचं कारण नाही. 1530 साली इरॅस्मसने मुलांसाठी शिष्टाचाराची पुस्तिका लिहिली. तेलकट बोटं चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत, त्यापेक्षा टेबलावरच्या कापडाला पुसावीत, असा त्यात सल्ला आहे. टॉमस कोरिएट हा इंग्रज प्रवासी इटलीत काट्याने जेवणारी माणसं पाहून थक्क झाला, 1611 साली त्याने ते छापलं आणि स्वतःही काटा वापरू लागला. मायदेशी मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. शेक्सपिअर तेव्हा हयात होता आणि त्याचे बहुतेक प्रेक्षक बोटांनी जेवत होते.

आता चीन.

दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची. तिथे आपण होऊन बसू नये. बसा म्हटलं तर नको म्हणावं, पुन्हा म्हटलं तरी नको म्हणावं. मग दंडाला धरून जिथे बसवतील ती तुमची जागा. यजमान म्हणतील, आज काही विशेष केलेलं नाही. त्यावर टेबल भरून पदार्थ येतील. साधकाने यजमानांचं सांत्वन करण्याच्या भरीस पडू नये.

काड्यांचं तंत्र सोपं आहे. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर पक्की टेकवायची, ती हलता कामा नये. वरची पेनासारखी धरायची आणि चावण्याचं काम तिचं. सराव भाजलेल्या शेंगदाण्यांवर करावा, घरी, दार लावून. पुढे वर्ज्य गोष्टी. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. त्यांनी वाडगा वाजवू नये, ते भिकाऱ्याचं लक्षण मानतात. पदार्थात उकरून चांगला तुकडा शोधू नये. आणि किनारपट्टीवर अख्खा मासा आला तर एक बाजू संपल्यावर तो उलटा करू नये, कोळ्याची होडी उलटते म्हणतात. काटा अलगद उचलून खालची बाजू गाठावी.

मध्यभागी फिरती चकती असते. तुम्ही एका कोळंबीवर नेम धरता, काड्या पुढे सरकवता आणि नेमक्या त्याच क्षणी समोरचे काका चकती फिरवतात. कोळंबी निघून जाते, तिच्या जागी कोंबडीचे पंजे येतात. तरीही चेहरा प्रसन्न ठेवावा, हात मागे घेऊ नये आणि जे समोर आलं तेच हवं होतं असं दाखवावं.

तसंही तुमची बशी तुमची नसतेच. शेजारच्या मावशी तिच्यात एकेक तुकडा घालत राहतात. बशी स्वच्छ केलीत तर अजून भूक आहे असा अर्थ होऊन पुन्हा भरली जाते. थोडं टाकावं म्हणाल, तर 2021 साली चीनने अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा केला असून फार टाकणाऱ्याकडून जास्तीचे पैसे घ्यायची मुभा हॉटेलांना दिली आहे. म्हणून शेवटचा तुकडा बशीत ठेवून तो अर्धा तास खात राहावा.

पेयाचं प्रकरण गंभीर आहे. पेले भिडवताना आपल्या पेल्याची कड वडीलधाऱ्यांच्या पेल्याखाली ठेवायची असते. दोघंही विनयी निघाले तर पेले खाली खाली जात टेबलाच्या कडेखाली पोचतात. मग ‘गानबेई’ होतं, म्हणजे पेला रिकामा. आत बहुधा निम्म्याहून अधिक मद्यार्क असलेली बाइजिउ असते. 1972 साली निक्सन यांच्या दौऱ्याआधी पाहणीला गेलेल्या अलेक्झांडर हेग यांनी, राष्ट्राध्यक्षांनी मेजवानीत पेला खरोखर पिऊ नये, असा निक्षून निरोप धाडला होता. निक्सन यांनी काड्यांचाही सराव केला होता. फेब्रुवारीतल्या त्या मेजवानीत माओताई नावाच्या बाइजिउचे छोटे छोटे घोट घेत ते पाहुण्यांमधून फिरले आणि पायावर उभे राहिले. न पिणाऱ्यांनी दक्षिणेत, ग्वांगडाँग किंवा हाँगकाँगला, आमंत्रण मिळवावं. तिथे चहावर भागतं आणि कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक केली की आभार पोचतात.

शेवटी बिल. ते येताच झडप घालावी. यजमान तुमचा हात धरतील, तुम्ही त्यांचा धरावा, आवाज चढवावा. आजूबाजूचे लोक मारामारी समजून येणार नाहीत, तेही आपापल्या बिलासाठी भांडत असतात. पाहुण्याने इथे जोरात भांडून हरायचं असतं. मात्र यजमान मघाशीच हात धुवायच्या निमित्ताने उठून काउंटरवर पैसे भरून आले आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असलं तरी भांडण अर्धवट सोडू नये. ते दारापर्यंत न्यावं, फुटपाथवर थोडं वाढवावं आणि टॅक्सीची काच वर जाईपर्यंत पाकीट हातात धरून ठेवावं.